अर्ध्यावर

सीझन संपला की आठ गाड्या मागच्या पडवीत येतात,
ताडपत्रीखाली, स्टँडवर.
पेट्रोलच्या होत्या तेव्हा टाकी रिकामी करून
किल्ली खिळ्याला लावली
की सप्टेंबरपर्यंत विसरता यायचं.
ह्यांना विसरता येत नाही.

म्हापशाहून ज्योकी आला होता, बॅटरीवाला.
चहात पाव बुडवत म्हणाला,
"अर्दें दवर, बाय.
पोटभर जेवून कोण चार म्हयने न्हिदता?
आनी उपाशी तर न्हीदच येना."
मी हसले. मग वहीत लिहिलं:
पन्नास. फार तर साठ. दर वीस दिवसांनी बघणे.

चार नंबरची मागल्या पावसात शून्यावर राहिली.
सासूबाईंसाठी बांबोळीच्या खेपा चालल्या होत्या.
ताडपत्री उचलली तर डोळाच उघडेना.
ज्योकीने मीटर लावला, काढला,
आणि डोक्यावरची टोपीही काढली.
सत्तावीस हजार.

सातवी मोरजीला एका रशियन बाईकडे होती, अख्खा हिवाळा.
मायेची बाई. नव्वद असली तरी प्लग लावायची,
रात्रभर लावून ठेवायची,
परत दिली ती चाकं धुऊन, आरसे पुसून.
आता सातवी पेडण्याला जाऊन आली की धापा टाकते.
त्या बाईला मी काय सांगणार होते?

सगुण जहाजावरून फोन करतो, नेट मिळेल त्या बंदरातून.
आधी गाड्या विचारतो, मग मुलगी, मग मी.
मी वाचते: एक बावन्न, दोन अठ्ठेचाळीस,
तीन पंचावन्न, चार नवीन आहे, पन्नास.
त्याच्या मागे इंजिनाची घरघर.
"आणि तू?"
तेवढ्यात इथली लाईट जाते,
किंवा मी म्हणते, पोरीला ताप होता, उतरला.

लग्नानंतरच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला मी रोज वाट बघायचे,
काठोकाठ. जेवण जायचं नाही.
दुसऱ्या वेळी बघायचीच नाही असं ठरवलं,
आणि तो दारात उभा राहिला तेव्हा
पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, पाणी देऊ?
आता जमतं थोडंफार.
हे वहीत लिहिलेलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाला, मोपावर, सकाळी सातला.
लांब जायचं असेल तर पूर्ण भरावी, ज्योकी सांगतो,
पण निघायच्या तोंडावर.
भरून उभी ठेवायची नाही.
मी अडीचचा गजर लावला.
पाच नंबर काढली, सगळ्यांत गुणाची.
येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर, ऐंशीत भागलं असतं.
माहीत होतं मला.

पायरीवर बसले. माटोळीची फळं पाटीत तशीच,
नारळाची पेंड, कवंडळं, एक निबर तोरिंग.
ऐंशीपर्यंत भरभर चढली, मग रेंगाळायला लागली.
सत्त्याऐंशी. ब्याण्णव.
ब्याण्णववर बराच वेळ.
सहाला पाच कमी असताना शंभर.
मी केस विंचरले, अबोली माळली.

सहा वाजून दहा मिनिटांनी मेसेज:
दोह्याला अडकलो. परवा.

अंगणात पाच नंबर, हिरवा दिवा लावून.
शंभर, आणि जायला कुठे नाही.
मी दोनदा घरात गेले, दोनदा बाहेर आले.
मग हेल्मेट घातलं, अबोली चुरगळली,
आणि निघाले, तिला रिकामी करायला.

मांद्रे, पेडणे, बाजारात कोणी हाक मारली,
थांबले नाही. उलट फिरून केरी.
फेरी धक्क्याला लागत होती, मी चढले नाही.
नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला होता तिथेच होता.
आकडा बघितला: त्रेसष्ट.
थोडा वेळ उभी राहिले. वारा बरा होता.

घरी येऊन फळं बांधायला घेतली.
पोरगी स्टुलावर चढून काथ्या देत होती.
मध्येच उठून वहीत लिहिलं:
पाच, अठ्ठावन्न.